जुन्या पितळी झुंबराला नवा साज: बाहेरचं ठेवा, आतलं बदला

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांत, जिन्याखालच्या कोठीत किंवा माळ्यावर, तीन हातांचं एखादं पितळी झुंबर हमखास निघतं. एक काच फुटलेली, एक होल्डर लोंबणारा, अंगावर काळपट थर. ते भंगारात किलोच्या भावानं जातं, आणि त्याच घाटाचं नवं घ्यायला गेलं तर बहुधा पत्र्यावर सोनेरी मुलामा दिलेलं मिळतं. दोन-तीन रविवार हाताशी असतील तर ते घरीच पुन्हा टांगण्याजोगं करता येतं. नियम एकच पाळायचा: बाहेरचं रूप शक्य तितकं जुनं राहू द्यायचं, आणि आतलं, म्हणजे वायर, होल्डर, जोड, यातलं काहीही जुनं ठेवायचं नाही.

इथलं सगळं साधारण ३ ते ५ किलोच्या, तीन हातांच्या झुंबराला धरून आहे. लोलकांनी भरलेलं १०-१५ किलोचं झुंबर असेल तर स्वच्छता आणि सजावट घरी करा, पण टांगणीचं काम जाणकाराकडे द्या.

उतरवणं आणि सुटं करणं

झुंबर अजून छताला असेल तर भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं असं बऱ्याचदा आढळतं. अशा वेळी दिवा बंद दिसतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच असतो. मेन स्विच किंवा त्या खोलीचा एमसीबी पाडा, मग टेस्टरनं दोन्ही वायरी तपासा. टेस्टर त्याआधी चालू सॉकेटवर लावून तो पेटतो ना ते बघा. एकानं वजन पेलायचं, दुसऱ्यानं हुक सोडवायचा. एकट्यानं स्टुलावर चढून हे काम करू नये.

खाली जुनी चादर पसरा. सुटं करण्याआधी चारी बाजूंनी मोबाइलवर फोटो घ्या आणि प्रत्येक हाताला कागदी चिकटपट्टीवर आकडा टाका. तिन्ही हात सारखेच दिसतात, पण जुन्या कारागिरांनी प्रत्येक आटा त्याच्या जागी बसवून घेतलेला असतो. अदलाबदल झाली की एखादा हात तिरका बसतो आणि शेवटपर्यंत सरळ होत नाही. अडकलेल्या आट्यावर गंजसैल तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा. पकड लावण्याआधी पितळेवर सुती कापड गुंडाळा, नाहीतर दातांचे ओरखडे कायमचे राहतात.

धातू कुठला ते आधी ठरवा

चुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वरचं पितळ म्हणजे नुसता मुलामा. चिकटला नाही तरी लगेच खूश होऊ नका, जस्ताच्या ओतीव भागांवरही मुलामा असतो. न दिसणाऱ्या जागी, मधल्या वाटीच्या (जिथे तिन्ही हात एकत्र येतात) आतल्या बाजूला, बारीक कानस एकदा फिरवा. आत पिवळंच दिसलं तर पितळ. राखाडी दिसलं तर जस्त.

मुलाम्याच्या झुंबराला चिंच, पीतांबरी, ब्रासो यातलं काहीही लावू नका. मुलामा इतका पातळ असतो की एका घासण्यात आतलं उघडं पडतं. त्याला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ कापड पुरे. मुलामा आधीच उडालेला असेल तर रंगवणं हाच मार्ग, तो पुढे येईल.

खऱ्या पितळेवर बहुतेक वेळा जुन्या लॅकरचा, म्हणजे वार्निशसारखा पारदर्शक, थर असतो. तो जागोजागी फुटला की पितळ ठिपक्याठिपक्यांनी काळं पडतं, आणि वरून कितीही घासलं तरी चट्टे जात नाहीत, कारण आपण धातू घासतच नसतो. एनसी थिनर (लॅकर विरघळवणारं द्रव) कापसावर घेऊन पुसून बघा. कापूस चिकट, पिवळसर झाला तर लॅकर आहे. तो आधी पूर्ण काढा. हे काम गच्चीवर किंवा अंगणात, हातमोजे घालून करायचं. गॅस आणि देवापुढचा दिवा लांब.

मग चिंच. ५० ग्रॅम चिंच कपभर गरम पाण्यात कोळून तिच्यात एक चमचा मीठ. हा कोळ लावून पाच ते सात मिनिटांत धुऊन टाका. लावून विसरलात तर पितळेवर गुलाबी डाग येतात: आंबटपणानं वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि नुसतं तांबं उरतं. तो डाग घासूनच काढावा लागतो. धुतल्यावर लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा घालून त्यात बुडवा, मग साध्या पाण्यात. ही सोड्याची पायरी टाळणाऱ्यांना महिनाभरात सांध्यांतून हिरवा थर फुटलेला दिसतो. तो सांध्यात उरलेल्या चिंचेचा प्रताप. शेवटी लगेच कोरडं पुसा आणि नळ्यांच्या आत हेअर ड्रायर फिरवा.

किती चमकवायचं हा आवडीचा प्रश्न, पण नक्षीच्या खाचांतला काळेपणा थोडा राहू द्यावा. उंचवटे उजळ आणि खाचा गडद असल्या की कोरीव काम उठून दिसतं. सगळंच एकसारखं लखलखीत केलं की जुनं झुंबर नव्या मुलाम्याच्या मालासारखं दिसायला लागतं, आणि मग एवढी मेहनत कशासाठी? पोचे पडलेलं किंवा चेपलेलं अंग मात्र घरी ठोकत बसू नका. ठठेऱ्याकडे, म्हणजे तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्याकडे, नेलं तर तो ते ठोकणीवर चढवून सरळ करून देतो.

लॅकर की रंग

लॅकर न देता ठेवलं तर दिवाळीला आणि पाडव्याला घासायची तयारी ठेवा. द्यायचं असेल तर पारदर्शक स्प्रे लॅकर, २५-३० सेंटिमीटर अंतरावरून, दोन ते तीन पातळ थर, मध्ये १५-२० मिनिटं. शेवटच्या पॉलिशनंतर हातमोज्यांशिवाय शिवू नका. बोटांचा ठसा लॅकरखाली बंद होतो आणि काही आठवड्यांत काळा पडतो.

इथल्या हवेत हे काम केव्हा करायचं याला महत्त्व आहे. पावसाळ्यात लॅकर पांढुरकं पडतं, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर जमतं. जानेवारीच्या धुक्यातल्या सकाळी तेच. मेमध्ये उलट: लू चालू असताना फवारा वाटेतच सुकतो आणि वाळूच्या कागदासारखा खरखरीत बसतो, शिवाय धूळ. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्चमधली उन्हं वर आल्यावरची सकाळ सगळ्यांत बरी.

मुलामा उडालेल्या लोखंडी झुंबराला १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं गंज काढून २२० नं गुळगुळीत करा, मेटल प्रायमरचा एक थर, आणि दुसऱ्या दिवशी स्प्रे रंगाचे दोन-तीन थर. सोनेरी रंगाचा मोह टाळा, तो लगेच नकली दिसतो. मॅट काळा किंवा गडद हिरवा जास्त शोभतो. झुंबरावर आधीच जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. कागद ओला करून, मास्क लावून घासा आणि तो चिखल कागदात गोळा करून टाका. रंगाआधी आटे आणि अर्थिंगच्या स्क्रूची जागा चिकटपट्टीनं झाका.

वायर

जुन्या झुंबरात रबराच्या आवरणाची, वर सुती विणीची वायर असते. बाहेरून ठीक दिसते, पण वाकवली की रबर भुगा होऊन गळतं. ती सगळी काढायची. तीन हातांसाठी लागणारं सामान असं: ०.५ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर, लाल आणि काळी प्रत्येकी अडीच मीटर. छतापासून वाटीपर्यंत ०.७५ चौ. मि.मी.ची तीन कोअरची वायर दोन मीटर. वायरीवर आयएसआय खूण हवी. तीन ७ वॉटचे एलईडी मिळून २१ वॉट, म्हणजे २३० व्होल्टला ०.१ अँपियरहूनही कमी. तेव्हा वायर जाड घ्यायची गरज विजेसाठी नाही. जाड घेतली तर ती वळणाच्या नळीत शिरतच नाही, आणि ओढाताणीत सोलली जाते.

ओवण्याआधी नळीची दोन्ही तोंडं गोल कानशीनं गुळगुळीत करा. ही दोन मिनिटांची गोष्ट बहुतेक जण सोडतात, आणि ‘सगळं नवं घालूनही एमसीबी पडतो’ या तक्रारीमागे धारदार तोंडावर सोललेली वायरच असते. जुनी वायर आत असतानाच तिच्या टोकाला नवी बांधून ओढा. दोन्ही जोड एकाच जागी न ठेवता मागेपुढे घ्या, म्हणजे गाठ जाड होत नाही. वायरीला टाल्कम पावडर चोळली की ती घसरते. तेल लावू नका, त्यानं आवरण फुगतं आणि धूळ धरते.

वाटीत तीन लाल एकत्र, तीन काळ्या एकत्र. पिळून टेप गुंडाळणं नको. स्क्रूचा स्ट्रिप कनेक्टर किंवा खटक्याचा कनेक्टर वापरा. स्क्रूखाली जाणाऱ्या तारांच्या टोकांना कथलाचा डाग (सोल्डर) देऊ नका. कथील दाबाखाली हळूहळू सपाट होतं, स्क्रू सैल पडतो आणि जोड तापतो. टोकाला छोटा पिन लग (तारेवर दाबून बसवायचं धातूचं टोक) बसवणं चांगलं.

आणि अर्थिंग. धातूच्या झुंबराला हिरवी वायर हवीच. वाटीच्या आत स्क्रू, दातेरी वॉशर, त्याखाली गोल लग. त्या जागेवरचं लॅकर किंवा रंग खरवडून धातू उघडा करा, नाहीतर वायर दिसते पण काम करत नाही. घरात अर्थिंगच नसेल तर हे झुंबर टांगण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून ते करून घ्या आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या.

होल्डर तिन्ही नवे. आपल्याकडचा खटक्याचा होल्डर म्हणजे बी-२२. त्यात फेज कुठल्याही बाजूला चालतो. चुडीचा ई-२७ घेतलात तर फेज मधल्या टिकलीला आणि न्यूट्रल चुडीला, उलट केलं तर बल्ब बदलताना बोट थेट फेजला लागू शकतं. जुने आटे आणि आजचे १० मिलिमीटरचे निपल (होल्डर जोडायच्या आटेदार नळ्या) जुळतीलच असं नाही, म्हणून लष्करातल्या महाराज बाड्याभोवतीच्या दुकानांत जाताना नुसतं माप नको, झुंबराचा एक हातच पिशवीत घाला. ‘जवळपास बसतोय’ म्हणून आटा जबरदस्तीनं फिरवला तर पितळ मऊ असल्यानं तो कापला जातो आणि होल्डर आयुष्यभर डुलत राहतो.

काचा आणि चंदेरीच्या शेड

काचेच्या शेड शाबूत असतील तर टबात टॉवेल घालून कोमट साबणपाण्यात धुवा. सोनेरी रेघ किंवा रंगकाम असेल तर भिजत ठेवू नका. एखादीच फुटली असेल तर मानेचा बाहेरचा व्यास मोजून ठेवा. आग्र्यापलीकडचं फिरोजाबाद काचेच्या कामाचंच गाव, त्यामुळे तिथला माल या भागात येतो. बसवताना तिन्ही स्क्रू काचेला नुसते टेकवायचे, आवळायचे नाहीत. मध्ये रबराची किंवा फेल्टची चकती.

तिन्ही काचा गेल्या असतील तर जुन्या चंदेरी साडीच्या शेड करा. चंदेरीत ताण्याला (उभ्या धाग्यांना) रेशीम आणि बाण्याला (आडव्या धाग्यांना) सूत असतं, आणि रेशमातला डिंक पूर्ण काढलेला नसल्यानं कापड पारदर्शक असूनही किंचित ताठ राहतं. दिव्यासमोर याहून चांगलं दिसणारं कापड शोधावंच लागेल. साडी मात्र आधी उजेडासमोर धरून बघा. घड्यांवर रेशीम विरलेलं असतं, तो भाग टाळा.

मापं एका शेडची: व्यास १४ सेंटिमीटर, उंची १३. अडीच मिलिमीटर तारेच्या दोन रिंगा, चार उभे दांडे, आणि खालच्या रिंगेत होल्डरवर बसणारी मधली कडी. कूलरच्या जाळ्या आणि स्टँड करणारा वेल्डर हे सहज करून देतो, फक्त मधल्या कडीसाठी होल्डरवरची फिरती रिंग त्याच्या हातात द्या. सांगाड्याला पांढरा रंग द्या. बिनरंगाच्या लोखंडाचा गंज पहिल्याच पावसाळ्यात कापडावर उतरतो.

दोन्ही रिंगांवर १२ मिलिमीटरची सुती पट्टी घट्ट, तिरकी गुंडाळा. एका शेडला अडीच मीटर, म्हणजे तिन्हींना साडेसात. बोटानं ढकलून बघा, पट्टी रिंगेवर फिरली तर उलगडून पुन्हा. ही पट्टी सैल असेल तर वरचं सगळं शिवण सरकतं. आता घेर फितीनं मोजा. मूळ ४४ सेंटिमीटरचा पट्टीमुळे थोडा वाढलेला असतो.

चंदेरीला अस्तर हवंच. एक कारण म्हणजे बल्ब आरपार दिसतो. दुसरं जास्त महत्त्वाचं: चंदेरीची वीण ताणाखाली शिवणीपाशी सरकते आणि धागे विरळ होतात. म्हणून ताण पांढऱ्या मलमलीनं घ्यायचा. मलमल धुऊन, खळ काढून, इस्त्री करून घ्या. तिची नळी मोजलेल्या घेरापेक्षा ३ मिलिमीटर कमी शिवा, चंदेरीची बरोबर घेराएवढी. प्रत्येक शेडला ४६-४७ बाय १७ सेंटिमीटरचा तुकडा लागतो: शिवणीला दोन, वर-खाली दुमडायला दोन-दोन. काठ शेडच्या खालच्या कडेला हवा असेल तर साडी लांबीच्या दिशेनं कापा. दुमडला जाणारा दोन सेंटिमीटर काठातूनच जातो, तेव्हा काठ त्याहून रुंद असेल तरच हे करा. तिन्ही शेडना मिळून साधारण १४० सेंटिमीटर काठ लागेल.

आधी मलमल चढवा, उभी शिवण एका दांड्यावर आणा, टाचण्या वर-खाली आलटूनपालटून लावत जा आणि पट्टीत सुई घालून गुंफटाका घाला. मग चंदेरी, शिवण त्याच दांड्यावर. कडा आत वळवून टीप. फेव्हिकॉल वापरू नका, चंदेरीतून तो वर उमटतो आणि उजेडात पिवळा डाग दिसतो. जरीचे सुटे धागे होल्डरपाशी लोंबू देऊ नका. जरीत धातू असू शकतो, आणि धातू वीज वाहून नेतो.

या शेडमध्ये फक्त एलईडी, तेही ४५ मिलिमीटरच्या गोल आकाराचे, ४ ते ७ वॉटचे. म्हणजे बल्ब आणि कापडात पावणेपाच सेंटिमीटर अंतर राहतं. वरचं तोंड उघडं ठेवा. झाकलं तर एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे बल्बच्या आतलं सर्किट, तापून लवकर मरतो. रंग २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे ‘वॉर्म व्हाइट’. ६५०० च्या पांढऱ्या उजेडात चंदेरी आणि पितळ दोन्ही निस्तेज दिसतात.

वर चढवण्याआधी

बल्ब न लावता, कुठेही वीज न जोडता मल्टिमीटर लावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये काही दाखवता कामा नये. फेज आणि झुंबराच्या अंगात काही दाखवता कामा नये, न्यूट्रल आणि अंगातही नाही. हिरवी वायर आणि प्रत्येक हाताचं टोक यांत मात्र एक ओहमहून कमी यायला हवं. एखाद्या हाताला जास्त आलं तर आट्यात लॅकर अडकलं आहे.

मग टांगणी. जयविलास महालाच्या दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची, आणि ती लावण्याआधी छताची ताकद बघायला हत्ती वर चढवले होते असं ग्वाल्हेरात सांगतात. महाल १८७४ चा. गोष्ट खरी असो वा नसो, पद्धत अगदी बरोबर आहे. दिव्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकातही टांगणीची चाचणी दिव्याच्या चौपट वजनानं एक तास घेतात. झुंबर सामानाच्या काट्यावर तोला. ४ किलो भरलं तर हुकाला १६ किलोची पाण्याची बादली तासभर टांगा, खाली गादी घालून, आणि त्या खोलीत कुणाला जाऊ देऊ नका. हुक हलला, बारीक माती पडली, तर तो हुक बाद.

स्लॅबमध्ये ओतलेला पंख्याचा हुक असेल तर उत्तम. पण इथल्या जुन्या घरांत लोखंडी गर्डरवर दगडी पटिया, म्हणजे लांब फरशा, टाकलेलं छत असतं. पटियाला भोक पाडू नका, कडेजवळ पाडलं तर चीर जाते आणि ती वरून दिसतही नाही. गर्डरच्या पट्टीला पकडणारा क्लॅम्प करून घ्या आणि त्याला हुक लावा. झुंबर खोलीच्या बरोबर मध्ये येणार नाही, पण साखळीला दुसऱ्या हुकानं वळण देऊन ते मध्ये ओढायचा प्रयत्न करू नका. तिरक्या ताणासाठी ना क्लॅम्प बसवलेला असतो ना हुक.

वजन साखळीनं पेलायचं, वायरीनं कधीच नाही. वायर कड्यांतून सैल ओवा आणि साखळीपेक्षा वीतभर लांब ठेवा. जेवणाच्या टेबलावर खालचं टोक टेबलापासून ७५ सेंटिमीटर. येण्याजाण्याच्या जागी जमिनीपासून किमान ७ फूट. छताकडची जोडणी करताना बटण फेजवर आणून घ्या. वायरिंगचा सराव नसेल तर एवढा भाग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावा.

लावल्यावर काय बिघडतं

बटण बंद असूनही एलईडी मंद जळत राहिला तर घाबरू नका: एक तर बटण अजून न्यूट्रलवर आहे, नाहीतर बटणातला छोटा लाल इंडिकेटर स्वतःमधून थोडी वीज जाऊ देतो. एलईडीला तेवढी पुरते. इंडिकेटर नसलेलं बटण लावा. दिवा फडफडत असेल आणि वाटेत जुना डिमर असेल तर तो काढा. डिमर नसेल तर वाटीतला कनेक्टर सैल आहे. झुंबराला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मेन बंद करा, झुंबर खाली घ्या आणि हिरव्या वायरीपासून पुन्हा तपासा; ‘थोडंच येतंय’ म्हणून चालवू नका.

पहिल्या दिवशी तीन तास चालू ठेवून मेन बंद करा आणि वाटीला हात लावून पाहा. कोमट चालेल, गरम नाही. महिन्याभरानं होल्डरच्या रिंगा एकदा हातानं आवळा, नव्या वॉशरची चकती दबून त्या सैल पडतात. शेड धुवायच्या नाहीत. मऊ कोरड्या ब्रशनं, वरून खाली, महिन्यातून एकदा. लू सुरू झाली की दर आठवड्याला, कारण ती धूळ पहिल्या पावसाच्या दमटपणात कापडावर चिकटून बसते आणि मग ब्रशनं निघत नाही.